काटाबाई आणि चार चादरी

रस्त्यात काटाबाई समोरून येताना दिसल्या, की आमच्या भागातली निम्मी माणसं फुटपाथ बदलत. बाईंचं कुणाशी भांडण नव्हतं. पण तीस वर्षं प्रसूती दवाखान्यात बायकांची वजनं करून त्यांच्या डोळ्यांतच काटा बसला होता. समोरच्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि "बरं आहे ना?" विचारायच्या ऐवजी "एक्क्याऐंशी" म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्यांचा अंदाज अर्ध्या किलोपेक्षा जास्त चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि खरं दुखणं तेच होतं. भाजीवाल्याकडे त्या कलिंगड हातात घेऊन वजन सांगायच्या, मग भाजीवाला ते तराजूवर ठेवायचा आणि तराजू बाईंच्या म्हणण्याला मान डोलवायचा. एकदा तराजूचं आणि बाईंचं पटलं नाही, तर त्याने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तराजू दुरुस्तीला टाकला.

त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. लग्नाच्या दिवशी बावन्न किलो होते, आजही बावन्नच. "इतका भरवशाचा माणूस शोधून सापडला नसता," असं बाई चारचौघांत म्हणत. हे स्वभावाबद्दल आहे की वजनाबद्दल, हे यजमानांनी शहाणपणाने कधी विचारलं नाही.

दवाखान्यातली त्यांची खोली म्हणजे त्यांचं राज्य. खिडकीखाली लोखंडी काटा, त्यावर तीनदा चढवलेला हिरवा रंग. बाजूला बाकडं. भिंतीवर एक तक्ता, 'चौथ्या महिन्यापासून दरमहा दीड किलो वाढ.' टेबलावर जाडजूड नोंदवही आणि दोरीने बांधलेलं लाल पेन. हे पेन कुणी उसनं मागितलं तर बाई त्याला निळं पेन आयुष्यभरासाठी बहाल करत, पण लाल देत नसत. कारण ज्या गरोदर बाईचं वजन वाढत नाही, तिच्या कार्डावर लाल गोल काढायचा, ही पद्धत बाईंनी स्वतः सुरू केली होती. आणि गेल्या काही वर्षांत लाल गोल निम्म्यावर आले, म्हणून त्यांना वरून एक प्रशस्तिपत्र आलं होतं. ते काट्याच्या बरोबर वर, चौकटीत, जरासं तिरकं लटकत असे.

मंगळवारी वजनं असत. बाकड्यावर दोन जातींच्या बायका बसत. इथल्या आणि बाहेरच्या.

इथल्या बायका खाऊनपिऊन गुटगुटीत. घरी सासू आणि आई दोघी मिळून "आता दोन जिवांचं खायचं" म्हणत भरवायच्या आणि दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्यावरून झापायच्या. म्हणून मंगळवारी या बायका उपाशीपोटी यायच्या, आणि काट्यावर चढायच्या आधी चपला, स्वेटर, कानातलं, केसांतला चाप, सगळं काढून ठेवायच्या. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने तर एकदा चष्माही काढला आणि मग काटा दिसेना म्हणून भिंतीला धडकली. बेकरीवालीचं पहिलं बाळ सव्वाचार किलोचं होतं. ते जन्माला येताना खांद्यात अडकलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना दरदरून घाम फुटला होता. आता दुसऱ्या खेपेला बेकरीवाली अठ्ठ्याऐंशीवर होती, रक्तात साखर निघाली होती, आणि काट्यावर चढताना ती श्वास सोडून द्यायची. श्वासाचं वजन नसतं हे बाईंनी तिला चारदा सांगून पाहिलं.

बाहेरच्या बायका म्हणजे दूर देशाहून कामाला आलेल्या. रस्त्याच्या टोकाला एक मोठी लाँड्री होती, हॉटेलांच्या चादरी धुणारी, तिथे त्या राबत आणि तिच्याच मागच्या खोल्यांत राहत. या बायका मात्र काट्यावर चढताना काहीच काढायच्या नाहीत. उलट अंगावर जितके कपडे असतील तितके घालून, गंभीर चेहऱ्याने, हात मांडीला चिकटवून उभ्या राहायच्या. त्यांची वजनं छान वाढायची. बाळं मात्र काही केल्या मोठी व्हायला तयार नव्हती. दोन किलो, सव्वादोन, कधी त्याहून खाली. अडीच किलोच्या खाली बाळ म्हणजे जपायचं बाळ. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, त्यांची चणच लहान असेल. बाईंनीही ते मान्य केलं होतं, कारण काटा चांगलं सांगत होता, आणि काट्याच्या शब्दाबाहेर बाई आयुष्यात गेल्या नव्हत्या.

त्यात एक इस्त्रीवाली होती. हडकुळी, उंच, सातवा महिना. इथली भाषा ती आकड्यांपासून शिकली होती, कारण लाँड्रीत दिवसभर मोजणीच चालायची. तिचं कार्ड बाईंना इतकं आवडलं होतं, की त्या मंगळवारी त्यांनी ते उंच धरून सगळ्या बाकड्याला दाखवलं. चव्वेचाळीस, साडेपंचेचाळीस, सत्तेचाळीस, साडेअठ्ठेचाळीस, आणि आज पन्नास. "शिका जरा," बाई बेकरीवालीला म्हणाल्या. "याला म्हणतात वजन वाढवणं. तक्त्याबरहुकूम."

बेकरीवालीने कार्ड हातात घेतलं, आधी लांब धरून, मग जवळ धरून पाहिलं. तिचं सगळं आयुष्य पीठ तोलण्यात गेलेलं.

"बाई," ती म्हणाली, "पिठाचं पोतंसुद्धा इतकं नेमकं भरत नाही."

बाकड्यावर हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. तीस वर्षांत त्यांनी हजारो बायका तोलल्या होत्या. कुणी एका महिन्यात तीन किलो वाढली, कुणी ओकाऱ्यांनी दोन घटली. तक्त्याप्रमाणे वागणारी बाई त्यांनी फक्त तक्त्यावरच पाहिली होती.

दवाखान्याचा क्रम ठरलेला होता. आधी वजन, मग लघवीची बाटली घेऊन मोरीत जायचं, मग डॉक्टरीणबाई पोटाला टेप लावून मोजणार. इस्त्रीवाली मोरीत गेली तेव्हा तिच्या काखेत घडी घातलेली रिकामी पिशवी होती. बाहेर आली तेव्हा पिशवी टम्म फुगलेली होती आणि तिचं पोट मात्र जाताना होतं त्याच्या निम्मं झालेलं. पिशवीच्या तोंडातून पांढऱ्याशुभ्र कापडाचं टोक डोकावत होतं. बाईंच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ही दवाखान्याच्या चादरी पळवते आहे. पण दवाखान्याच्या चादरी कुठल्या रंगाच्या होत्या हे दवाखान्यालाही आठवत नव्हतं, आणि इतकी पांढरी चादर त्या इमारतीत जन्मात आली नव्हती.

बाईंनी तिला खोलीत घेतलं, दार लावलं, आणि पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली. इस्त्रीवालीने ठेवली. चार किलो आठशे.

पिशवीत चार डबल चादरी आणि चार अभ्रे होते. डबल चादर एक किलो, अभ्रा दोनशे ग्रॅम. म्हणजे ही बाई हॉटेलातल्या दोन मोठ्या पलंगांची संपूर्ण सोय पोटाला गुंडाळून मुकाट्याने काट्यावर उभी राहिली होती. लाँड्रीत गाठोडी तोलायचा काटा होता. त्यावर ती आधी स्वतःचं खरं वजन बघायची, भिंतीवरच्या तक्त्याशी ताळा जमवायची, आणि कमी पडेल तेवढं कापड भरायची. पन्नासातून चार आठशे गेले. खरं वजन पंचेचाळीस किलो दोनशे. चार महिन्यांत जेमतेम सव्वा किलो.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना कधी नव्हे ते आपल्याच वजनाची जाणीव झाली.

चादरी कुणाच्या, असं त्यांनी विचारलं. हॉटेलच्या, पाचच्या मोजणीआधी परत ठेवायच्या, दर वेळी तसंच करते, असं तिने सांगितलं. यात काही चुकीचं आहे असं तिला वाटतच नव्हतं. एकही चादर कधी कमी भरली नव्हती.

"आणि हे कशासाठी गं पोरी?"

इस्त्रीवालीने टेबलावरच्या लाल पेनाकडे बोट केलं. "गोल आला की काम जातं. काम गेलं की खोली जाते."

बाईंनी तिला समजावलं, की गोल आला तर बसून काम आणि दुपारी विश्रांती मिळते. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः लाँड्रीला तसं पत्र दिलं होतं, आणि तिथल्या मॅनेजरची सहीसुद्धा घेतली होती. इस्त्रीवालीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसं. मग म्हणाली, की लाँड्रीतल्या सगळ्या जणी असंच करतात. कुणी टॉवेल बांधतं, कुणी इस्त्रीचा जुना लोखंडी तुकडा खिशात ठेवतं. नवी बाई आली की जुन्या तिला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात.

बाईंनी प्रशस्तिपत्राकडे पाहिलं नाही. पण ते तिथे आहे, हे त्यांना पाठीत कळत होतं.

"अगं, पण फसवतेस कुणाला?" त्या म्हणाल्या. "काटा लोखंडाचा आहे, त्याला काय. जे आत आहे त्याला चादरी खाऊन वाढता येत नाही."

"माहीत आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "माझं पहिलं सोळाशे ग्रॅमचं होतं. तिकडे. नऊ दिवस होतं." ती चादरींची घडी नीट करू लागली, कोपऱ्याला कोपरा जुळवत. "काम असलं की मी दोनदा जेवते. काम नसलं की एकदाही नाही. तुम्ही सांगा, काय करू?"

काटाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

चार वाजून गेले होते. पाचच्या आत चादरी लाँड्रीत पोचायला हव्या होत्या. फाटकावर पिशव्या तपासत, म्हणून इस्त्रीवाली नेहमीप्रमाणे त्या पोटाला गुंडाळू लागली. बाईंनी तिचा हात धरला. यापुढे या पोटावर गाठ बसणार नाही, असं त्यांनी बजावलं. मग दाराला आतून कडी घालून त्यांनी त्या चारही चादरी आणि चारही अभ्रे स्वतःच्या पोटाला गुंडाळले, वरून दवाखान्याचा डगला चढवला, आणि निघण्यापूर्वी सवयीने एकदा काट्यावर उभ्या राहिल्या. शहात्तर किलो आठशे. स्वतःचे बहात्तर धरून हिशोब बरोबर होता.

लाँड्रीच्या फाटकावरचा राखणदार पन्नाशीचा, भला माणूस. बाईंना त्याने खाली-वर पाहिलं, क्षणभर विचारात पडला, आणि मग आतून खुर्ची आणून म्हणाला, "बसा बाई. या दिवसांत दगदग बरी नाही." बाईंचं वय सत्तावन्न होतं. हा प्रसंग पुढे त्यांनी यजमानांना सांगितला तेव्हा ते इतके हसले, की त्या रात्री त्यांचं वजन थोडंफार उतरलं असावं.

आत वाफेने डोळे चुरचुरत होते. लांबच लांब टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक बाई उभी. पायांखाली ओली फरशी. बसायला काही नाही, अगदी उलटी केलेली बादलीसुद्धा नाही. इस्त्रीवालीने मोरीत चादरी ताब्यात घेतल्या, मोजल्या, आणि पाचाला पाच मिनिटं असताना गठ्ठ्यात ठेवून दिल्या. तिचं काम झालं. बाईंचं सुरू झालं. त्या मॅनेजरच्या खोलीत शिरल्या.

मॅनेजर कुठल्याशा बैठकीला गेला होता. पण त्याच्या खुर्चीमागे, भिंतीवर, बाईंचं स्वतःचं पत्र होतं. त्यांच्या गोल, टपोऱ्या अक्षरात. 'ज्यांच्या कार्डावर लाल गोल असेल त्यांना हलकं काम द्यावं.' खाली त्यांची सही. पत्राला वरून प्लास्टिक चढवलं होतं, म्हणजे किती काळजी घेतली होती पाहा. आणि सहीच्या खाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती. 'हलकं काम उपलब्ध नाही. घरी पाठवणे.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. अकरा वर्षं ज्या गोलाने आपण बायकांना वाचवतो आहोत असं त्यांना वाटत होतं, तोच गोल बायकांना फाटकाबाहेर काढत होता. आणि त्याबद्दल त्यांना चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं होतं.

घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. यजमानांनी ताट झाकून ठेवलं. मग बाई म्हणाल्या, "अहो, दहा आठवडे आहेत हातात. बाळ अडीचच्या वर न्यायचंय."

"कुणाचं?"

"माझ्यामुळे लहान राहिलंय ते."

यजमान मान हलवून उठले आणि अंडी उकडत ठेवली. किती ठेवायची एवढंच त्यांनी विचारलं.

पुढच्या दिवशी बाईंनी दवाखान्यात पहिली गोष्ट केली ती अशी, की कार्डावर वजन लिहिणंच बंद केलं. वजन नोंदवहीत, आणि नोंदवही बाईंच्या कपाटात. कार्डावर फक्त तारीख आणि शिक्का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरच्या कचेरीला दर महिन्याला गोलांची संख्या लागते. बाई म्हणाल्या, वरच्या कचेरीला वजनं हवी तेवढी पाठवते, खरी पाठवते, गोल ज्याला हवे त्याने स्वतः काढावेत. मग त्यांनी सगळा क्रम बदलला. आधी मोरी, मग वजन, तेही एका पातळ झग्यात. पुढच्या मंगळवारी लाँड्रीतल्या सहा जणींचं वजन एका दिवसात वीस किलोंनी घटलं आणि डॉक्टरीणबाईंनी काही काळ डोक्याला हात लावून बसणं पसंत केलं. नंतर त्यांनी जुन्या नोंदी मागवल्या, आणि 'चण लहान' हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू आले नाहीत.

दुसरी गोष्ट, स्टूल. दवाखान्याचं एक उंच स्टूल होतं, पायावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेलं. ते डोक्यावर घेऊन बाई भर रस्त्यातून लाँड्रीत गेल्या आणि इस्त्रीवालीच्या टेबलामागे ठेवलं. मॅनेजर धावत आला. तिशीचा, टापटीप, शर्टाच्या खिशात तीन पेनं. बसून कामाचा वेग जातो, असा वरून नियम आहे, असं त्याने अदबीने सांगितलं. शिवाय एकीला दिलं तर सगळ्या मागतील.

"मागू देत की," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात अजून चार आहेत."

मॅनेजरने स्टूल उचलायला हात पुढे केला. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण आकडा सांगितला तो भलताच.

"दोन किलो तीनशे."

"काय?"

"तू. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातलं बाळ. तुझी आई बाटल्यांच्या कारखान्यात उभी असायची, नवव्या महिन्यापर्यंत. तुला कापसात गुंडाळून तिच्या हातात दिलं तेव्हा ती मला म्हणाली होती, सिस्टर, हे राहील ना?" बाईंनी स्टुलावर हात ठेवला. "घरी जाऊन विचार तिला, बसायला स्टूल मिळालं असतं तर घेतलं असतं का."

मॅनेजरने हात मागे घेतला. इस्त्र्यांची फुसफुस तेवढी ऐकू येत होती, कारण वीस बायकांनी एकदम कामात लक्ष घातलं होतं. वरून कुणी विचारेपर्यंत राहू दे, असं काहीसं पुटपुटून तो खोलीत गेला. भिंतीवरचं पत्र मात्र त्या दिवशी उतरलं नाही. त्यासाठी बाईंना अजून तीन खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या खेपेला त्या अकरा वर्षांची नोंदवही घेऊन गेल्या. लाँड्रीतल्या चौसष्ट बायकांची बाळंतपणं, त्यात सत्तावीस बाळं अडीच किलोच्या खाली. त्यांनी विचारलं, हा कागद तुझ्या भिंतीवर लावू की माझं नवं पत्र. नव्या पत्रात गोल नव्हता. ज्या बाईकडे दवाखान्याचं कार्ड आहे तिला बसून काम आणि दुपारी अर्धा तास, वजन काही का असेना. मॅनेजरने ते पत्र वर पाठवलं. वरून महिनाभर काहीच उत्तर आलं नाही, आणि उत्तर नाही म्हणजे नकार नाही, असा अर्थ त्याने स्वतःच्या जबाबदारीवर लावला. त्याच्या आईने घरी नक्की काय सांगितलं हे कुणाला कळलं नाही.

तिसरी गोष्ट जेवणाची, आणि तिथे बाईंच्या डोक्यातला काटा खरा चालला. एका बाजूला एक बाई होती जिने खायला हवं आणि बसायला हवं. दुसऱ्या बाजूला एक होती जिने खाणं आवरायला हवं आणि चालायला हवं. बाईंनी दोघींना एकाच बाकड्यावर बसवलं आणि बेकरीवालीला हुकूम सोडला. रोज दुपारी डबा घेऊन बेकरीपासून लाँड्रीच्या मागच्या दारापर्यंत चालत जायचं, हिला जेवताना बघायचं, आणि रिकामा डबा घेऊन परत यायचं. जाऊन-येऊन पाऊण तास. डबा यजमान भरणार, अंडी, उसळ, भात, वर दूध.

बेकरीवाली म्हणाली, मला चालवत नाही, पाय सुजतात. बाई म्हणाल्या, पाय सुजतात तर टेप लावून मोजू, रक्तदाब बघू, आणि ठीक असेल तर चालू. ठीक होता.

पहिल्या आठवड्यात इस्त्रीवालीचं वजन फक्त दोनशे ग्रॅम वाढलं. बाईंना ते पटेना. त्यांनी बेकरीवालीकडे एक नजर टाकली.

"वाटेत किती अंडी खाल्लीस?"

"एक," बेकरीवाली म्हणाली. मग बाईंची नजर हलली नाही म्हणून, "रोज."

त्या दिवसापासून डब्याला जखमेवर लावायची चिकटपट्टी बसू लागली, चारही बाजूंनी, आणि पट्टीवर बाईंची सही. सीलबंद डबा घेऊन बेकरीवाली डुलत डुलत निघाली की दुकानदार म्हणत, खजिना चालला. तिने तोंड फुगवून तीन दिवस अबोला धरला. पण चौथ्या दिवशी तिनेच तक्रार आणली, की इस्त्रीवाली अर्धा डबा झाकून ठेवते, खोलीतल्या दुसऱ्या गरोदर बाईसाठी. "मी एवढी तंगडतोड करते ती काय हिने दान करावं म्हणून?" पण त्या दोन जणींमध्ये एव्हाना काहीतरी जुळलं होतं. बेकरीवालीला तिची भाषा येत नव्हती, तिला हिची मोडकीतोडकी यायची, तरी अर्धा तास दोघी अखंड बोलत. यजमानांनी दुसऱ्या दिवसापासून डबे दोन केले आणि बेकरीवालीचा एक हात रिकामा राहिला होता तोही भरला.

आता इस्त्रीवालीचं वजन महिन्याला नाही, दर मंगळवारी होऊ लागलं. पातळ झगा, खिसे उलटे, मुठी उघड्या. पंचेचाळीस चारशे. पंचेचाळीस नऊशे. एकदा ताप आला आणि दोनशे ग्रॅम घटले, तेव्हा बाईंनी ते वहीत लिहिलं आणि डब्यात एक अंडं वाढवायला सांगितलं. मग सत्तेचाळीस, साडेसत्तेचाळीस, एकोणपन्नासला शंभर कमी. एकही आकडा तक्त्याशी जुळत नव्हता, आणि बाईंना त्यातला प्रत्येक आकडा खरा वाटत होता. टेप लावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट आता वर सरकतंय.

शेवटच्या मंगळवारी काट्याची दांडी पन्नासवर येऊन स्थिर झाली. इस्त्रीवाली काट्यावरून उतरेना. तिने खाली वाकून आकडा पाहिला, मग स्वतःच्या पोटाभोवती हात फिरवून खात्री केली, की खरंच काही गुंडाळलेलं नाही. बाई म्हणाल्या, उतर आता, पुढे रांग आहे.

त्याच आठवड्यात दोघी एका दिवसाच्या अंतराने दवाखान्यात आल्या. बेकरीवाली आधी मोकळी झाली. मुलगा, तीन किलो सहाशे, कुठेही न अडकता, ज्याचं श्रेय तिने सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःच्या पायांना दिलं. इस्त्रीवालीला सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारी ऐन जेवणाच्या वेळेला मुलगी झाली. बारीक, लालबुंद, पण आवाज असा, की बेकरीवालीचा तीन किलो सहाशेचा मुलगा दचकून जागा झाला.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला टॉवेलात गुंडाळून लहान काट्यावर ठेवलं आणि वाचलं, दोन किलो सातशे. बेकरीवालीने टाळ्या वाजवल्या. काटाबाईंनी डोळे मिटले. एवढ्यात पलंगावरून आवाज आला, दमलेला, पण स्पष्ट.

"बाई, कापड काढा आधी."

बाईंनी टॉवेल सोडवला, मुलीला उघडं करून पुन्हा ठेवलं, आणि हात बाजूला घेतले. काटा थरथरला, थांबला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

दोन किलो चारशे नव्वद.

अडीचला दहा ग्रॅम कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, लिहा अडीच, दहा ग्रॅम काय. बेकरीवाली म्हणाली, दहा ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ, आम्ही तर ते धरतच नाही. बाईंनी इस्त्रीवालीकडे पाहिलं. तिने उशीवरच नकारार्थी मान हलवली, आणि सोळाशेच्या पुढे हे किती होतात याचा हिशोब मनात करून झाल्यावर हसली.

बाईंनी मुलीला उचलून आईच्या कुशीत ठेवलं आणि वहीत दोन चारशे नव्वद लिहिलं. त्यांच्या खोलीत दोरीला बांधलेलं लाल पेन टेबलावरच होतं. ते त्यांनी सोडवलं आणि बेकरीवालीच्या मोठ्या पोराला चित्रं काढायला देऊन टाकलं. प्रशस्तिपत्राची चौकटही उतरवली, आणि रिकाम्या खिळ्याला तो टॉवेल अडकवला, दोनशे दहा ग्रॅमचा. मग त्यांनी घरी यजमानांना निरोप पाठवला, की उद्यापासून डबे तीन लागतील. लाँड्रीतली पुढची, खोलीतली ती दुसरी, सहाव्या महिन्यात होती, एक डबा खाऊनही अजून त्रेचाळीसवरच होती, आणि तिला आता दोन डबे लागणार होते.